एका डोळ्यासाठी साक्रीपर्यंत

शेडमधल्या बायकांना मी एवढंच सांगितलं की डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याकडे करून आले. जळगाव जवळ असताना इतक्या लांब कशाला गेलीस, हे त्यांनी विचारलं आणि मी हसून टाळलं. टाळलं ते मनाला लागून राहिलं. बोलायला मला जमत नाही, चार माणसांत तर जीभच उचलत नाही. म्हणून घरी बसून लिहिते. जी कोणी तिकडे गेली नाही आणि जिला जावं लागू नये, तिच्यासाठी.

मी सावद्याला केळी भरायच्या शेडमध्ये काम करते. घड आला की त्याच्या फण्या सुटतात, त्या पाण्यात धुवायच्या, डागी केळं बाजूला काढायचं आणि चांगली फणी खोक्यात भरायची. डाग दिसला नाही की सगळं खोकं परत येतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यावर दुधावर साय धरते तसं धरायला लागलं. डावाही फार चांगला नाही. शेडचे मुकादम नाना एक दिवस म्हणाले, "अक्का, तुम्ही आता घरी बसा. डोळा झाला की या. जागा ठेवतो." माणूस चांगला आहे. पण जागा तरी किती दिवस ठेवील?

मोतीबिंदूच तो, म्हातारपणाआधी आलेला. असा डोळा रोज कुठे ना कुठे होतो. माझा झाला नाही, कारण मी एचआयव्हीची गोळी घेते. नवरा गेला त्याच्या आधीपासून घेते, एक दिवस चुकवत नाही. तपासणीत माझ्या रक्तात विषाणू सापडतही नाही इतका तो दबला आहे. गोळ्या मिळतात त्या केंद्रावर मला कोणी वाईट वागवत नाही. पण मला ताप आला, दात दुखला, डोळा गेला की त्या खोलीबाहेर मी कोणाचीच नसते.

जळगावातल्या एका दवाखान्यात मी डोळ्यासाठी तीनदा गेले. नाव लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितलं यादी भरली. दुसऱ्यांदा मशीन बंद. तिसऱ्यांदा सकाळी सातला उपाशीपोटी बसवलं आणि सिस्टर हळूच म्हणाली, "तुमच्यासारख्यांचं शेवटी घेतात. नंतर सगळं धुवावं लागतं ना." माझ्यानंतर आलेली अकरा माणसं आत जाऊन डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली. चार वाजता डॉक्टर गाडीत बसून गेले. एका माणसाने माझ्यापुढे कागद धरला, "इथे सही करा, पुढची तारीख मिळेल." मी केली.

मग केंद्रावरच्या समुपदेशक ताईंनी साक्रीच्या पुढच्या एका लहान दवाखान्याचा पत्ता दिला. तिथल्या डॉक्टर मॅडम सगळ्यांना बघतात, म्हणाल्या. सगळ्यांना, या शब्दावर त्यांनी जोर दिला.

सावदा ते धुळे

सोबत निर्मला आली. ती शेडमध्ये माझ्या शेजारी उभी राहते आणि केंद्रावरही माझ्या शेजारी बसते. आमच्या दोघींचं हे दुसरं बसणं शेडमध्ये कोणाला माहीत नाही. निर्मला माझ्या उलट, तोंडाची फटकळ. शाळेचं मात्र तिने तोंड पाहिलं नाही. मी चौथीपर्यंत गेले.

भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा. सवयीचा रस्ता पारोळ्याला संपला. आमच्याकडे डोळे मिटूनही केळीच्या बागेचा गारवा कळतो. इकडे कपाशीची वावरं, वेचणी होऊन गेलेली, आणि कोरडा वारा.

धुळ्याच्या स्टँडवर आम्ही दोघी एका गाडीत चढून चांगल्या खिडकीशी बसलो. कंडक्टर आला.

"कथा जानं शे अक्का?"

"साक्री."

"मंग आठे काब्र बठन्यात? ही शिरपूर जाई राहिनी. साक्रीनी गाडी तथी शे."

खाली उतरताना निर्मला मोठ्याने म्हणाली, "एकीले दिसत नही, दुसरीले वाचता येत नही. दोघी मिळून एक बाई होते का तं पाहा!" गाडीतली माणसं हसली. मीही हसले.

स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तर्री इतकी की निर्मलाच्या नाकातून पाणी आलं. हॉटेलवाल्याने पाण्याचे पेले ठेवले आणि मी पिशवीतून माझा स्टीलचा पेला काढला. बाहेर गेलं की मी स्वतःचाच पेला वापरते. कोणी मागितलेला नाही. पेला वापरल्याने हा रोग होत नाही हे मला पाठ आहे. तरी काढते.

साक्रीच्या पुढे

साक्री सोडल्यावर डोंगर लागतात आणि डोंगरावर पवनचक्क्या. एका डोळ्याने मला त्या फक्त हलणाऱ्या रेघा दिसल्या. निर्मला मोजत होती आणि वीसच्या पुढे तिचं गणित अडत होतं. इकडे पाटाचं पाणी नाही, पावसावर शेती. उतारावर नागली आणि भगर, घरं कुडाची, पण अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला लाज वाटावी.

दवाखाना म्हणजे बारा खाटांची बैठी इमारत. मी सवयीने दार धरून बाहेरच उभी राहिले आणि फाईल पदराखाली घेतली. आमच्या फायलीवर कोपऱ्यात खूण असते, ती दिसू नये म्हणून. इथल्या बाईने नवीन फाईल केली. मी तिचे चारही कोपरे डोळ्याजवळ नेऊन पाहिले. खूण नव्हती. वाटलं, विसरली असेल.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. पायात स्लीपर, आवाज जरा चढा. त्यांनी आधी माझा रक्तदाब घेतला, छाती तपासली, पाळीचं विचारलं, दात पाहिले. मी म्हटलं, "डोळ्यासाठी आले मी."

"डोळा कोणाला लागलाय? बाईला ना? मग बाईला बघू द्या."

त्यांनी आतला पडदा ओढला आणि मला टेबलावर निजवून पोट तपासलं. केंद्रावर मला गोळीपुरतं बघतात, इतर ठिकाणी गोळीमुळे बघत नाहीत. सगळी मिळून एक बाई म्हणून मला किती वर्षांत कोणी तपासलं नव्हतं ते आठवेना.

मग त्या माझे जळगावचे कागद वाचू लागल्या आणि एका कागदावर थांबल्या.

"तुम्हाला ऑपरेशन नको होतं?"

"हवं होतं, मॅडम. तीनदा गेले."

"यात लिहिलंय, रुग्णास शस्त्रक्रिया करावयाची नाही, रुग्णाने स्वतः नकार दिला. खाली तुमची सही आहे."

निर्मला उसळली. "त्याहिच्या मढ्यावर माती! आंधळ्या बाईची सही घेतली अन् तिलेच खोटं पाडलं?"

मॅडम तिला गप्प करतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलताय." आणि कागदाची झेरॉक्स काढून ठेवायला सांगितली.

त्या संध्याकाळी मला राग आला. इतक्या दिवसांत मला वाईट वाटलं होतं, लाज वाटली होती, रडू आलं होतं. राग आला नव्हता. तारीख देतो सांगून त्यांनी माझ्याच हाताने माझं दार बंद करून घेतलं. सही यायला नको होती, असंही वाटून गेलं. अंगठा उठवणाऱ्या बाईला निदान ते वाचून तरी दाखवतात.

गुरुवार

डोळ्याचे सर्जन धुळ्याहून दर गुरुवारी येत. पाच जणांची यादी होती. नोंदणीच्या क्रमाने माझं नाव दुसरं. आम्ही दोघी बाकावर अगदी भिंतीकडच्या टोकाला बसलो.

पहिले एक बाबा आत गेले. मग आतून आवाज आला. माझं नाव. मी निर्मलाकडे पाहिलं.

"चुकून घेतलं असेल," मी म्हटलं.

"चुकूनच. आपला नंबर शेवटी रायते. आत गेलं अन् मंग त्याहिले समजलं, तं हाकलून देतीन सगळ्याहिदेखत. बस चुपचाप."

पुन्हा नाव आलं. तिसऱ्यांदा आलं. मी मान खाली घालून बसले. मग दुसऱ्या कोणाचं नाव आलं, ती बाई गेली आणि मला खरंच हायसं वाटलं. सगळं नेहमीसारखं झालं. दुपारी दीडपर्यंत आम्ही आपल्या शेवटच्या नंबराची वाट पाहत होतो. दीड वाजता सर्जन हात पुसत बाहेर आले आणि गाडीत बसले. त्यांना धुळ्यात दुसरी ऑपरेशनं होती.

दवाखान्यातल्या जमनाबाई मावशी बादली घेऊन बाहेर आल्या तेव्हा आम्ही दिसलो.

"अवं बहीण! तू आठेच शे? तीन येळा तुनं नाव लिधं. माले वाटनं भ्याईसनी पळी गयी!"

मॅडमना कळलं तेव्हा त्या धावत बाहेर आल्या. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मी उठून उभी राहिले. मी सांगितलं, आमचा नंबर शेवटी असतो ना, म्हणून.

"कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

ओरडल्याच त्या. पण माझ्यावर नाही, हे मला कळलं. एकाने शिकवलं असतं तर नाव घेतलं असतं. बाकड्याच्या टोकाने शिकवलं, फायलीच्या कोपऱ्याने शिकवलं, सगळ्यांच्या शेवटी टोचलेल्या सुईने शिकवलं. आणि मी इतकी चांगली शिकले की दार उघडं असतानाही बाहेर बसले. माझ्या डोळ्याचा एक गुरुवार मीच घालवला.

मॅडमनी सर्जनना फोन लावला. ते निम्म्या वाटेत होते, परत येणं शक्य नव्हतं. पुढचा गुरुवार.

मधले दिवस

निर्मलाचं काम बुडत होतं, ती परत गेली. जाताना म्हणाली, "आता नाव घेतलं ना, तं पयतच जाय माय." मला जमनाबाईंनी आपल्या घरी नेलं. त्यांच्या दोन खोल्या, एक गाय, नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला.

पहिल्या दिवशी मी जेवायला माझी ताटली काढली. त्यांनी ती उचलून गाईच्या पुढ्यात कोंडा घालायला नेऊन ठेवली आणि आपल्याच ताटात नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढून म्हणाल्या, "जेवाले बस." आमच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, इथली नागलीची काळपट, तोंडात जरा चरचरणारी. दोन दिवसांनी मला तीच गोड लागू लागली.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली कधी? त्यांनी सरळ सांगितलं. सुरुवातीला फार वाटायची. असाच एक माणूस पायाला जखम घेऊन आला होता. त्या वेळच्या सिस्टरने ड्रेसिंग करायला नाही म्हटलं, जमनाबाईंनी खोली झाडायला नाही म्हटलं. मॅडमनी हातमोजे घातले, स्वतः जखम धुतली, स्वतः खोली झाडली. दुसऱ्या दिवशीही. असे सात दिवस.

"आठव्या दिन माले लाज वाटनी," जमनाबाई म्हणाल्या. "मी झाडू मांगा. त्या म्हने, आधी शिकी घे. मंग देसू."

शिकवलं ते एवढंच, की पेशंटला काय झालंय ते विचारू नका, प्रत्येकाचं रक्त सारखंच समजा. हातमोजे प्रत्येक वेळी, हत्यारं प्रत्येकानंतर निर्जंतुक करायची. मग शेवटचा नंबर कशाला लागतो? मला हे ऐकून इतका संताप आला की भाकरीचा तुकडा हातात राहिला. हे इतकं सोपं होतं! मोठ्या दवाखान्यात काय हातमोजे नव्हते? जमनाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांना जे समजलं ते एवढ्या पदव्यांच्या पाट्या लावणाऱ्यांना समजत नव्हतं की समजून घ्यायचं नव्हतं?

रोज सकाळी आठला दवाखान्यात सगळे अंगणात जमत. मीही जमनाबाईंच्या मागे उभी राही. तिथली रीत अशी की आधी झाडणारी बोलणार, मग सिस्टर, मग औषधं देणारा भाऊ, आणि डॉक्टर सगळ्यांच्या शेवटी. एकदा मी धीर करून मॅडमना विचारलं, असं उलटं का?

"डॉक्टर आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. मग काय चुकतंय ते मला कळणार कसं?"

मी म्हटलं, "तुम्ही देवमाणूस आहात."

त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "हे म्हणू नका. मला देव केलं की बाकीचे डॉक्टर सुटले. मी फक्त डॉक्टरचं काम करते. दवाखान्यात कसं वागायचं ते झाडणारी ठरवत नाही, डॉक्टर ठरवतो. तो घाबरला की सगळा दवाखाना घाबरतो."

दुसरा गुरुवार

या वेळी माझं नाव यादीत पहिलं होतं. सर्जननी माझे कागद नीट वाचले. दार अर्धं उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"मॅडम, हिला शेवटी घेऊ. मग थिएटर बंदच करायचं असतं."

"पहिला नंबर आहे तिचा."

"सोयीचं म्हणतोय मी. बाकीच्या चौघांचा विचार करा."

"बाकीच्या चौघांसाठी तुम्ही हत्यारं कमी उकळणार आहात का सर?"

"तसं नाही हो—"

"मग क्रम का बदलायचा? कारण सांगा, मी बदलते."

मी बाकावर बसून दोन्ही हातांनी पदर पिळत होते. सर्जन निघून गेले तर? पाच जणांचे डोळे माझ्या पायी अडतील. आत जाऊन सांगावं वाटलं, मी शेवटी बसते, भांडू नका. उठलेही. तेवढ्यात जमनाबाईंचा आवाज आला.

"सर, हत्यार धुनारी मी शे. भ्याले जोयजे ते माले. मी नही भ्यात, तुम्हीन काब्र भेतस?"

सिस्टर हसली. मग सर्जनही हसले, पण मनापासून नाही. म्हणाले, "बरं बाई, बोलवा."

माझं नाव आलं. मी उभीच होते. नाव एकदाच घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर जमनाबाई होत्या. आठ दिवस त्यांच्या घरी राहिले, पण त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेले आहेत हे मला तेव्हा दिसलं. परतताना साक्रीपर्यंतच्या रस्त्यावर मी पवनचक्क्यांची पाती एक एक पाहिली आणि वेड्यासारखी हसत होते. हे मी कबूल करते, नाहीतर कोणाला वाटेल मला नुसता रागच येतो.

निघताना मॅडमनी चिठ्ठी दिली. आठव्या दिवशी डोळा तपासायचा होता. मी म्हटलं, मी इथेच येईन, मला त्रास नाही.

"तुम्हाला नसेल, मला आहे. जळगावात दाखवायचा. तिथेच, जिथे तुम्ही नकार दिलात असं लिहिलंय."

"मी एकटी? मला नाही बोलता येत, मॅडम."

"चिठ्ठी बोलेल. तुम्ही फक्त बसा."

जळगाव

आठव्या दिवशी मी गेले. आमच्या घरापासून दीड तासाच्या अंतरावरचा तो दवाखाना. मी रांगेत माझ्या जागी उभी राहिले, टोकाला नाही. आत डॉक्टरांपुढे फिरकीचं स्टूल होतं. मी बसले आणि चिठ्ठी दिली.

त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. मला वाटलं, चिडतील. ते तर खूश झाले.

"वा! मॅडम फार छान काम करतात. हे बरं झालं. आता आमच्याकडचे असे पेशंट आम्ही तिकडेच पाठवत जाऊ. त्यांचा नंबर आहे ना तुमच्याकडे? सिस्टर, लिहून घ्या."

मॅडमना कशाचा त्रास होता ते मला त्या क्षणी कळलं. डोंगराआडच्या बारा खाटांवर एक डॉक्टर नीट वागते, तर हे तिला शाबासकी देऊन हात झाडणार. उद्या दुसरी बाई पोटदुखी घेऊन येईल, तिलाही साक्रीची गाडी दाखवणार. हातपाय धड असलेली पोचेल. नसेल तिने काय करायचं?

सिस्टर वही घेऊन आली. "सांगा बाई नंबर."

मी म्हटलं, "माझा डोळा बघायचा आहे."

"हो, बघू की," डॉक्टर म्हणाले. "जरा बाहेर थांबा. बाकीचे होऊ द्या, शेवटी निवांत बघतो."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खरंच नाही. काय काय बोलायचं ते गाडीत बसून घोकलं होतं, सगळं गेलं. पण मी उठले नाही. स्टूलावरून उठलेच नाही. मागचे बाबा पुढे आले आणि थांबले. सिस्टरने माझ्या खांद्याला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला. डॉक्टरांनी दोनदा घंटी वाजवली. मी त्यांच्याकडे नीट बघत बसले. त्यांच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, काटे मला स्वच्छ दिसत होते. अकराला पाच मिनिटं कमी.

शेवटी त्यांनी खोक्यातून हातमोजे ओढून घातले. माझी हनुवटी मशीनवर टेकवली, पापणी वर केली, उजेड टाकला. वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा.

"व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "थेंब चालू ठेवा."

मी हनुवटी उचलून घड्याळाकडे पाहिलं. अकराला तीन मिनिटं कमी. दोन मिनिटांचंच काम होतं.